अंगभूत अधिकचिन्हाचा संदर्भ

प्रश्न : एडा या प्रोग्रॅमिंग भाषेत "+" हेही एक फंक्शनच आहे, असे म्हणतात. मग दोन पूर्णांक घेऊन पूर्णांक देणाऱ्या फंक्शनच्या ॲक्सेस-प्रकाराला (म्हणजे फंक्शनचा पत्ता धरून ठेवणाऱ्या प्रकाराला) "+" चा ॲक्सेस देऊ लागलो, की कंपायलर तो का नाकारतो?

उत्तर : आपले गृहीतक बरोबर आहे, "+"(२, ३) असे लिहिले, तरी उत्तर ५ येते. अडचण फंक्शन असण्याची नसून पत्त्याची आहे. पूर्णांकांच्या बेरजेसाठी कंपायलर बहुधा थेट यंत्रसूचना लिहितो, त्यामुळे पत्ता द्यावा असे वेगळे कोड अस्तित्वात असेलच असे नाही. म्हणूनच भाषेच्या मानकाने अशा ऑपरेटरांचे कन्व्हेन्शन (म्हणजे कॉल करण्याची पद्धत) ‘इंट्रिन्सिक’, म्हणजे कंपायलरमध्येच अंगभूत, असे ठरवले असून त्यांवर ॲक्सेस वापरण्यास मनाई केली आहे. ‘रिनेम्स’ने नवे नाव देऊन हा नियम चुकवता येईल असे अनेकांना वाटते, पण नव्या नावाबरोबर जुने कन्व्हेन्शनही येते.

सरळ उपाय म्हणजे स्वतःचे फंक्शन लिहिणे. एडा २०१२ पासून एक्स्प्रेशन फंक्शनमुळे ते एका ओळीत होते : ‘बेरीज’ या फंक्शनच्या ‘इज’नंतर कंसात (अ + ब) लिहावे आणि त्याचा ॲक्सेस द्यावा. मात्र ॲक्सेस-प्रकार पॅकेजच्या पातळीवर असेल, तर हे फंक्शन एखाद्या प्रोसीजरच्या आत ठेवू नये, कारण तेथे कंपायलर दुसऱ्याच कारणाने, म्हणजे ॲक्सेसिबिलिटीच्या नियमामुळे (ॲक्सेस त्याच्या फंक्शनपेक्षा जास्त काळ टिकू नये), अडवतो.

माझ्या मते, कोणते फंक्शन हवे हे प्रोग्रॅम चालू असतानाच ठरणार नसेल, तर जेनेरिक, म्हणजे फंक्शन किंवा प्रकार कंपाइल करतानाच भरायचा साचा, अधिक चांगले. त्याच्या फंक्शन-पॅरामीटरला "+" जसेच्या तसे देता येते. एडा २०२२ मधील ‘रिड्यूस’लाही (अनेक घटक एकत्र करून एकच उत्तर काढणाऱ्या सोयीलाही) ते चालते.