दोन किलवर, डबल, आणि सगळे गप्प

प्रश्न : ताई, मी ब्रिज खेळणारा प्रोग्रॅम लिहितोय. बोलीसाठी एक मोठं टेबल केलंय. पहिल्या कॉलममध्ये आतापर्यंत झालेली बोली, मग किमान आणि कमाल पॉइंट (वरच्या पानांची किंमत), चारही सूटची किमान-कमाल लांबी, आणि शेवटी करायची बोली. चार हजारांवर रो झाल्या. तरी परवा फजिती झाली. उत्तरेने १ नोट्रम्प उघडलं, पूर्व पास, दक्षिणेने स्टेमन म्हणून २ किलवर, पश्चिमेने डबल. पुढे तिघेही पास! दक्षिणेकडे किलवरचं एकच पान होतं, उत्तरेकडे दोन. व्हल्नरेबल होतो, चार ट्रिक कमी पडल्या, ११०० गेले. त्याच पानांवर चार इस्पिक सहज होत होते, म्हणजे ६२० यायला हवे होते. अजून किती रो भराव्या लागतील?

उत्तर : एकही नको. जमलं तर निम्म्या खोडा.

ब्रिज न खेळणाऱ्या वाचकांसाठी आधी सांगते. समोरासमोरचे दोघे भिडू, आणि बोलीत ठरतं की कुठला सूट हुकूम धरून किती ट्रिक जिंकायच्या. नोट्रम्प म्हणजे हुकूमच नाही. डबल म्हणजे 'तुम्हाला जमणार नाही' असं म्हणून गुण-दंड वाढवणं, रिडबल म्हणजे त्याला उलटं आव्हान. व्हल्नरेबल असताना दंड जास्त बसतो. स्टेमनची २ किलवर ही बोली किलवरबद्दल काहीच म्हणत नाही. 'भिडू, तुझ्याकडे चार पानी बदाम किंवा इस्पिक आहे का?' एवढाच तिचा अर्थ. ती पास करायची नसते. आणि तुमच्या प्रोग्रॅमने ती दोनदा पास केली.

काय झालं असेल ते न बघताच सांगू शकते, कारण माझ्याकडेही हेच झालं होतं. 'एक नोट्रम्प, पास, दोन किलवर, पास' ही रो तुमच्याकडे आहे. पश्चिमेने पासच्या जागी डबल म्हटलं आणि रो शोधायची किल्ली जुळेनाशी झाली. रो सापडली नाही तर काय करायचं हे तुम्ही कोडमध्ये कुठेतरी एका ओळीत लिहून ठेवलंय : नाहीतर पास. उत्तरेला रो मिळाली नाही, ती पास. फिरून बोली दक्षिणेकडे आली, तिलाही सुटायची संधी होती, पण तिलाही रो नाही. ती ओळ तुम्ही पाच मिनिटांत लिहिली असेल, पण तुमच्या चार हजार रोंपेक्षा जास्त वेळा बोलणार आहे तीच.

रो भरून हे भोक बुजत नाही, त्याचा हिशोब सोपा आहे. बोल्या ३५, शिवाय पास, डबल, रिडबल. नियमात बसणाऱ्या वेगवेगळ्या पूर्ण बोल्या, म्हणजे पहिल्या बोलीपासून शेवटच्या पासपर्यंतचे क्रम, किती होतात? १२९ लिहा आणि पुढे ४५ शून्यं द्या, साधारण तेवढ्या. सर्वांत लांब बोली ३१९ वेळा बोलून संपते. तिथे चार हजार काय आणि चार कोटी काय!

म्हणून अर्थ पूर्ण क्रमाला बांधू नका. आधी नेमका क्रम शोधा. नसेल तर नमुना शोधा, उदाहरणार्थ 'आमच्या कृत्रिम बोलीवर (म्हणजे नाव घेतलेल्या सूटबद्दल नसलेल्या बोलीवर) शत्रूचं डबल'. त्या नमुन्याला जोडलेला नियम म्हणजे नियमांबद्दलचा नियम आहे : डबल झालंच नाही असं समजून जुनीच उत्तरं द्या, फक्त पास आणि रिडबल या दोन नव्या जागांना वेगळा अर्थ द्या. बऱ्याच जोड्या खऱ्या टेबलावर असंच ठरवतात. पास म्हणजे काय आणि रिडबल म्हणजे काय, हे मात्र जोडीगणिक बदलतं. एक रो लिहिली की स्टेमन, ट्रान्स्फर, ब्लॅकवुड अशा सगळ्या कृत्रिम बोल्यांना लागू. आणि नमुनाही नसेल तर? तर क्रम विसरून फक्त परिस्थिती बघायची : आमचा सूट ठरलाय का, शेवटची बोली फोर्सिंग (भिडूला बोलायला भाग पाडणारी) होती का, भिडूचे किमान पॉइंट किती. या तिसऱ्या पायरीवर एक गोष्ट पक्की लिहा : भिडूची बोली फोर्सिंग असेल आणि मधल्या शत्रूने पास म्हटलं असेल, तर पास हे उत्तर शक्यच नाही. सगळं आठवत नसलं तरी एवढं आठवलं की निम्म्या नामुष्क्या टळतात. डबलनंतर ही सक्ती सुटते, कारण बोली फिरून दक्षिणेकडे येणारच असते. म्हणून तुमच्या प्रसंगात खरा गुन्हा दक्षिणेचा. दोन किलवर ही स्वतःचीच बोली कृत्रिम होती हे तिला माहीत असायला हवं होतं.

पण तुमच्या टेबलाचं खरं दुखणं मला दुसरंच वाटतं. तुमची रो म्हणते : अशी पानं असतील तर हे बोल. म्हणजे तुमचा प्रोग्रॅम बोलायला शिकलाय. ऐकायचं कुठून? भिडूने १ नोट्रम्प म्हटल्यावर त्याच्याकडे काय असेल, हे कुठे लिहिलंय?

मी असा प्रोग्रॅम पहिल्यांदा लिहिला तेव्हा दोन टेबलं केली होती, एक बोलायचं, एक ऐकायचं. काही महिने छान चाललं. मग आम्ही ठरवलं की पाच पानी बदाम किंवा इस्पिक असलं तरी पानं समतोल (चारही सूटमध्ये जवळपास सारखी) असतील तर १ नोट्रम्पच उघडायचं. मी बोलायच्या टेबलात बदल केला आणि ऐकायचं टेबल विसरले. त्यानंतर प्रोग्रॅम पाच पानी इस्पिकवर १ नोट्रम्प उघडायचा आणि त्याचाच भिडू ठाम समजायचा की पलीकडे इस्पिक चारच्या वर नाही. आमच्या ग्रुपमधले एक ज्येष्ठ भिडू हे बघून म्हणाले, "याला बोलता येतं, पण याला कान नाहीत." मला राग आला होता. त्या रात्री दोन्ही टेबलं काढून टाकली.

तेव्हापासून अर्थ एकदाच लिहिते, तोही असा की त्यावरून बोलताही येईल आणि ऐकताही. कसा ते जरा जवळून बघा.

तेरा पानं चार सूटमध्ये ५६० प्रकारे विभागतात. चार-चार-तीन-दोन, पाच-तीन-तीन-दोन वगैरे ढोबळ नमुने ३९, पण कुठल्या सूटमध्ये किती हे धरलं की ५६०. एक्का चार, राजा तीन, राणी दोन, गुलाम एक या हिशोबाने तेरा पानांत ० ते ३७ पॉइंट बसतात, म्हणजे ३८ किमती. ५६० गुणिले ३८, एकूण २१,२८० खाने. शक्य हातांची (एकाला मिळणाऱ्या तेरा पानांच्या संचांची) संख्या ६३ हजार कोटींच्या वर आहे, पण बोलीच्या दृष्टीने बहुतेक सगळं काम या एकवीस हजार खान्यांत होतं. प्रत्येक खान्याला एक बिट दिला तर एका बोलीचा अर्थ २,६६० बाइटमध्ये मावतो.

आता १ नोट्रम्प, १५ ते १७, समतोल. चार-तीन-तीन-तीनचे ४ प्रकार, चार-चार-तीन-दोनचे १२, पाच-तीन-तीन-दोनचे १२. एकूण २८ आकार, तीन पॉइंट-किमती, ८४ खाने. बोलताना विचारायचं : माझी पानं या ८४ खान्यांपैकी एकात बसतात का? ऐकताना : भिडूची पानं या ८४ पैकी एकात आहेत. एकच नोंद. पाच पानी बदाम-इस्पिक वगळायचं ठरलं तर सहा आकार गळतात, २२ उरतात, आणि बोलणारा-ऐकणारा दोघांनाही एकाच क्षणी कळतं.

आणखी फायदा असा की न बोललेलंही ऐकू येतं. बोल्यांना प्राधान्य द्या. एखाद्या बोलीचा खरा अर्थ म्हणजे तिचे खाने वजा तिच्याआधी प्राधान्य असलेल्या बोल्यांचे खाने. भिडूने १ किलवर उघडलं म्हणजे त्याच्याकडे १५ ते १७ समतोल नाही, हे कुणी लिहायला नको, वजाबाकीतून येतं. तुमच्या टेबलात हे हाताने लिहावं लागत असेल, आणि म्हणूनच ते फुगलंय.

खान्यांचा तिसरा उपयोग मला सगळ्यांत आवडतो : भोकं शोधणं. लाखो पानं वाटत बसायची गरज नाही. सगळे खाने एकदा लूपमधून फिरवा आणि कुठल्याच उघडणीत न बसणारे छापा. पाच पानी मेजरची (मेजर म्हणजे बदाम-इस्पिक) पद्धत घ्या, १ किलवरला किमान तीन पानं, १ चौकटला किमान चार. नीटनेटकं वाटतं ना? चार इस्पिक, चार बदाम, तीन चौकट, दोन किलवर घ्या. मेजर पाच नाही, चौकट चार नाही, किलवर तीन नाही. चौदा पॉइंट घेऊन प्रोग्रॅम पास म्हणतो. असा आकार फक्त हा एकच आहे, शंभर वाटपांत दोनदाही येत नाही, त्यामुळे नुसतं खेळून तो सापडायला वेळ लागतो. म्हणूनच ही पद्धत वापरणारे खेळाडू या एका आकारावर तीन पानी चौकट उघडतात. माझ्या छापील यादीत तो पहिल्याच दिवशी वर आला.

खान्यांत न मावणाऱ्या गोष्टी आहेतच. ब्लॅकवुडला एक्के मोजावे लागतात, अडवणारी बोली करताना सूटचा दर्जा लागतो, नोट्रम्पला शत्रूच्या सूटमध्ये थांबवणारं पान लागतं. या अटी प्रत्येक नोंदीला वेगळ्या जोडा. त्यांनाही खान्यांत कोंबायला जाल तर खानेच संपणार नाहीत.

प्रश्न : एवढं करण्यापेक्षा प्रत्येक बोलीनंतर हजारो वाटपं करून कुठली बोली जास्त गुण देते ते मोजलं तर? डेटाबेस लागणारच नाही.

उत्तर : लागतो. उलट जास्त चांगला लागतो. मॅथ्यू गिन्सबर्ग यांच्या 'गिब' या प्रोग्रॅमने हाच रस्ता धरला आणि १९९८ व १९९९ मध्ये संगणक ब्रिजची जागतिक स्पर्धा जिंकली. पण त्याची पद्धत नीट बघा. आतापर्यंतच्या बोलीशी जुळणारी वाटपं करायची. जुळतात की नाही हे डेटाबेसच सांगतो. डेटाबेसने सुचवलेल्या प्रत्येक बोलीपुढची बोली डेटाबेसनेच शेवटपर्यंत न्यायची. मग चारही हात उघडे धरून ट्रिक मोजायच्या. म्हणजे डेटाबेस तीनदा आला.

वाटपं जुळवणंही स्वस्त नाही. वरची १५-१७ समतोल अट शंभरात जेमतेम पाच वाटपांत पुरी होते. शंभर उदाहरणं हवी तर दोन हजार पिसा. दोन खेळाडूंवर अटी आल्या की टक्केवाऱ्यांचा गुणाकार होतो, तीन बोल्यांनंतर मशीन घाम पुसत बसतं. इथेही आधी खाना निवडून मग पानं वाटली तर वेळ वाचतो. खाना निवडताना मात्र त्यात किती हात बसतात त्या प्रमाणात निवडा, सगळ्यांना सारखी संधी दिलीत तर नमुना वाकडा येतो.

आणि एक सावधगिरी. डेटाबेसमध्ये भोक असलं तर ही मोजणी ते झाकत नाही, त्यालाच खजिना समजते. माझा प्रोग्रॅम एका रात्री रिकाम्या पानांवर भलत्याच उंच बोल्यांच्या उड्या मारायला लागला. शोधल्यावर कळलं, त्या उडीनंतर शत्रूने काय बोलायचं हेच डेटाबेसमध्ये नव्हतं, म्हणून प्रत्येक वाटपात शत्रू गप्प बसत होते आणि उडी फुकटात पचत होती. खरे शत्रू गप्प बसत नाहीत, डबल करतात.

प्रश्न : आता यंत्रच शिकतं. लाखो खेळलेल्या डावांच्या नोंदी घालून न्यूरल नेटवर्कला बोली का शिकवू नये?

उत्तर : शिकवा की. पण त्या नोंदींत वेगवेगळ्या पद्धतींच्या जोड्या मिसळलेल्या असतात. एकाची १ नोट्रम्प १२ ते १४, दुसऱ्याची १५ ते १७. यंत्र दोघांच्या मधलं काहीतरी शिकतं, जे कुणीच खेळत नाही. दुसरं, ब्रिजमध्ये गुप्त भाषा चालत नाही. तुमच्या बोलीचा ठरलेला अर्थ शत्रूने विचारला तर सांगावा लागतो. वरच्या खान्यांवरून 'पंधरा ते सतरा, समतोल' असं वाक्य बनवणं सोपं आहे. आकड्यांच्या ढिगाऱ्याला 'तू असं का बोललास' विचारून बघा! २०२२ मध्ये पॅरिसमध्ये 'नूक' या प्रोग्रॅमने आठ जगज्जेत्यांवर मात केली, तिथेही सगळे डाव ३ नोट्रम्पचे दिले होते. बोली वगळलेलीच होती.

प्रश्न : बोल्या मजकूर म्हणून साठवू की आकडे?

उत्तर : आकडे. १ किलवर म्हणजे १, ७ नोट्रम्प म्हणजे ३५. 'आधीच्या बोलीपेक्षा वरची' ही तपासणी मग साधी तुलना होते. पानांसाठी ५२ बिट, प्रत्येक सूटचे १३. एका सूटच्या ८,१९२ शक्यतांचे पॉइंट आधीच काढून ठेवा, मोजायला चार वेळा बघितलं की झालं. माणसांनी वाचायच्या फाइलीत मात्र अक्षरंच ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी २७ म्हणजे काय ते तुम्हालाच कळणार नाही. (६ चौकट. मीही मोजूनच सांगितलं.)

प्रश्न : प्रत्येक बोली-पद्धतीसाठी वेगळा डेटाबेस करू का?

उत्तर : नको. एक मूळ पद्धत आणि तिच्यापासूनचे फरक. १ नोट्रम्पची मर्यादा नोंदीत आकड्याने लिहू नका, तिला नाव द्या आणि बाकीच्या नोंदी त्या नावावरून काढा. ती १५-१७ वरून १२-१४ केली की १ किलवर उघडून पुढे नोट्रम्प म्हणणाऱ्याकडे आता १५ किंवा जास्त पॉइंट असतात, आणि नोट्रम्पच्या भिडूला गेमसाठी (जादा बक्षीस देणाऱ्या उंच बोलीसाठी) दहाच्या जागी तेरा लागतात. हे सगळं आपोआप सरकलं पाहिजे. सरकवल्यावर न बसलेल्या खान्यांची यादी पुन्हा छापा. पहिल्या वेळी ती कोरी आली तर आनंदू नका, लूप तपासा.