सर्व्हे तुझा, नाव तिचं आणि मॅडम म्हणतात जाऊ दे

एका विद्यार्थिनीचं पत्र आलंय, लांबलचक आहे, थोडं कापून देतेय. कॉलेज, एमएचा विषय, नावं काढलीत, बाकी शब्द तिचेच.

"अक्का नमस्कार. मी एमएच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. आई विड्या वळते, आम्ही विडी घरकुलात (विडी कामगारांच्या वसाहतीत) राहतो. माझा रिसर्च प्रोजेक्ट विडी कामगार बायकांची मजुरी आणि तब्येत यावर होता, सहा क्रेडिटचा. नोव्हेंबरपासून संध्याकाळी घरोघर जाऊन ६४ बायकांशी बोलले, निम्म्याजणींशी तर तेलुगूत. वर्गातली जवळची मैत्रीण म्हणाली फॉरमॅट बघायचाय, फाईल दे. मी ड्राइव्हची लिंकच दिली, एक्सेल शीटसकट. तिने माझ्या दोन दिवस आधी रिपोर्ट सबमिट केला. बाइंडिंगच्या दुकानात तिची कॉपी दिसली तेव्हा कळलं. टेबलं माझी, ग्राफ माझे, आईने सांगितलेलं एक वाक्य पण जसंच्या तसं, फक्त एरिया बदललाय. मॅडमकडे गेले तर म्हणाल्या, तू दिलीस म्हणून तिने घेतलं ना, तुझे मार्क कमी केलेत का मी, मग कशाला डोक्याला ताप, तिचं लग्न ठरलंय, पोरीचं वर्ष घालवू नकोस. याच मॅडम पहिल्या वर्षी कॉपी-पेस्टवर तासभर बोलल्या होत्या. मी अजून तिच्याच स्कूटीवर कॉलेजला जाते, तिला काही बोललेले नाही. ग्रुपवर दोन्ही फायलींचे स्क्रीनशॉट टाकू का? व्हायवा पुढच्या महिन्यात आहे. झोप लागत नाही."

अगं बाई, आधी तो फोन खाली ठेव. स्क्रीनशॉट नको. तू टाकशील, दहा जण अंगठे दाखवतील, पाच जण म्हणतील दोघींचं काहीतरी बिनसलंय बे, आणि संध्याकाळपर्यंत विषय चोरीचा राहणारच नाही, भांडणाचा होईल. मॅडमना तर आयतं कोलीत मिळेल, बघा मी म्हटलं नव्हतं का पोरीपोरींचा वाद आहे म्हणून.

आता तुझ्या पत्रातली मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट सांगते, आणि ती तू अगदी जाता जाता लिहिलीयेस. तिने दोन दिवस आधी सबमिट केलं. हे लक्षात घे नीट. समानता तपासायचं जे सॉफ्टवेअर असतं ते फक्त मजकूर मजकुराशी जुळवून बघतं, घरकुलात कोण फिरलं, कुणाच्या उंबऱ्यावर कोण बसलं हे त्याला कळत नसतं. आधी आलेला रिपोर्ट त्यात साठवला गेला असेल तर नंतर आलेला त्याच्याशी जुळतोय असं दिसणार, म्हणजे तुझा. आणि सॉफ्टवेअर राहू दे, व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या टेबलावर एकसारखे दोन रिपोर्ट असले आणि त्यांनी तारखा बघितल्या तर ते काय समजतील? तेव्हा मॅडम म्हणतात ना तुझं काय नुकसान झालंय, तर नुकसान अजून व्हायचंय, म्हणून दिसत नाहीये. तुला मैत्रिणीला शिक्षा द्यायचीय की नाही हा प्रश्न बाजूला ठेव, तो तुझा नाहीच, तो कॉलेजचा आहे. काम तुझं आहे हे कागदावर येणं, एवढंच तुझ्या हातात आहे आणि ते व्हायवाच्या आधी व्हायला हवं.

पुरावा तुझ्याकडे आहे आणि चांगला आहे. गुगल डॉक आणि शीट दोन्हीला व्हर्जन हिस्टरी असते, कुठल्या तारखेला किती वाजता काय भरलं ते त्यात दिसतं. ओरिजिनल फाईलला हात लावू नकोस, तिची कॉपी काढून तीच ओरिजिनल आहे असं धरून बसू नकोस, कारण जुना इतिहास नव्या कॉपीत येत नाही. शेअरिंगच्या यादीत तिचा ईमेल दिसत असेल तर त्याचा फोटो काढ आणि मगच तिचा ॲक्सेस बंद कर (आज रात्रीच कर). तिने फाईल मागितल्याचा व्हॉट्सॲप मेसेज असेल, तो चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला मेल कर. आणि हाताने भरलेले फॉर्म असतील ना, चहाचे डाग पडलेले, मागे हिशोब केलेले, ते सगळ्यात भारी. ते कुणालाही द्यायचे नाहीत, मॅडमनाही नाही, दाखवायचे फक्त.

मग अर्ज. विभागप्रमुखांच्या नावाने, प्रत गाइडला, म्हणजे तुझ्या मॅडमनाच. रडगाणं नको, विश्वासघात वगैरे शब्द नकोत, एक पान पुरे. अमुक विषयावरचं क्षेत्रकाम मी अमुक महिन्यांत केलं, त्याची फाईल अमुक तारखेला अमुक विद्यार्थिनीला फक्त फॉरमॅट बघण्यासाठी दिली, त्यातली माहिती आणि तक्ते तिच्या नावाने सादर झाल्याचं मला अमुक तारखेला दिसलं, गाइडना मी अमुक दिवशी तोंडी सांगितलं, मूळ काम कुणाचं याची पडताळणी करून नोंद घ्यावी ही विनंती, सोबत पुरावे जोडलेत. ऑफिसात इनवर्ड कर, म्हणजे आवक नोंद करून घे, आणि आपल्या कॉपीवर शिक्का मारून पोच घे. पोच दिल्याशिवाय तिथून हलायचं नाही, क्लार्क म्हणेल ठेवून जा, सायेब बघतील, तरी नाही. तोंडी सांगितलेलं हवेत जातं हे तू एकदा बघितलंयस.

नियमांचं थोडं सांगते, कारण लोक तुला काहीही ठोकून देतील. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) वाङ्मयचौर्याचे नियम २०१८ चे आहेत, त्यात जुळणी १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, १० ते ४० असेल तर ठरलेल्या मुदतीत सुधारून पुन्हा द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करता येत नाही, आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. ऐकायला जबरदस्त. पण त्यात एक मेख आहे, ते नियम एमएच्या डिझर्टेशनला (लघुप्रबंधाला) लागू होतात, असाइनमेंट आणि प्रोजेक्ट रिपोर्ट मात्र त्यातून वगळलेत. तेव्हा तुमच्या सिलॅबसमध्ये तुझ्या कामाला नेमकं काय म्हटलंय ते आधी बघ. डिझर्टेशन म्हटलं असेल तर विभागाचं अकॅडेमिक इंटिग्रिटी पॅनल असायला पाहिजे, त्यांच्याकडे जायचं. प्रोजेक्ट म्हटलं असेल तरी रस्ता बंद होत नाही. २०२३ च्या यूजीसी नियमांप्रमाणे कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते आणि मूल्यमापनातला अन्याय, अपारदर्शकपणा हा तिच्या कक्षेतला विषय आहे. तिने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, तो पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. तुला तिथपर्यंत जावं लागणार नाही असं मला वाटतंय. अर्जाला पोच मिळाली की बऱ्याचदा माणसांना आपोआप आठवतं काय करायचं असतं ते.

आता मॅडम. मैत्रिणीबद्दल तू पाच-सहा ओळी लिहिल्यात आणि मॅडमबद्दल पानभर (ते पान मी कापलंय, पण वाचलंय सगळं), म्हणजे झोप कुणामुळे उडालीय ते दिसतंयच. मैत्रिणीने लबाडी केली हे एकवेळ गिळता येतं, पण जिच्याकडे बघून आपण हा विषय घेतला त्या बाईने असं हात झटकावेत ते जात नाही घशाखाली. एक गोष्ट मात्र बघ. तुझ्या रिपोर्टच्या पहिल्या पानांत गाइडचं सर्टिफिकेट आहे ना, सदर काम विद्यार्थिनीने माझ्या मार्गदर्शनाखाली स्वतः केलेलं आहे म्हणून? तसंच ते तिच्याही रिपोर्टात असणार आणि दोन्हीवर सही एकाच हाताची. मॅडमनी तुझी तक्रार मान्य करायची म्हणजे आधी हे मान्य करायचं की मी न वाचता सही केली. त्यात त्या सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर असतील तर तासावर पगार, दरवर्षी नव्याने नेमणूक, कोण ओढवून घेतंय सांग. मी त्यांची बाजू घेत नाहीये हं, चूक ती चूकच. फक्त त्या तुला नाही, स्वतःच्या सहीला घाबरल्यात एवढं लक्षात आलं तर तुला त्यांच्या त्या वाक्यांचा इतका त्रास होणार नाही.

आणि वाक्यं तरी काय. तू दिलीस म्हणून तिने घेतलं. घरी पाहुणे आले म्हणून शेजारीण आपली चादर मागून नेते, म्हणून काय ती नव्या पेठेच्या बाजारात बसून आपल्या नावाने विकते का? बघायला दिलं होतं, बघायचं आणि परत करायचं. लग्न ठरलंय म्हणे. लग्न ठरलेल्या मुलीला सर्व्हे माफ असं कुठल्या सिलॅबसमध्ये छापलंय ते मलाही दाखवा, आमच्या वेळच्या कितीजणी सुटल्या असत्या. खरं तर या वाक्याचाच मला जास्त राग आला, कारण यात तिचंही वाटोळं आहे, पोरीला शिकवलं काय तर तुझं लग्न ठरलंय आता तुझ्या अभ्यासाला काही अर्थ नाही.

मॅडमकडे परत एकदा जा, अर्जाची प्रत हातात द्यायला. पहिल्या वर्षीचं ते लेक्चर त्यांना ऐकवू नकोस, माफीची वाट बघू नकोस, ती येणार नाही. "मॅडम, हे लेखी द्यायला लागतंय, तुम्हाला आधी कळावं म्हणून आले", एवढं म्हण आणि नीघ.

त्याच्या आधी मैत्रीण. पुरावे गोळा झाले की, आधी नाही. स्कूटीवर मागे बसून नको, हेल्मेटमधून कुणाला काय ऐकू येणार, आणि घरी तिच्या आईसमोर पण नको. कॅन्टीनमध्ये गर्दी नसताना गाठ. सरळ सांग की मला कळलंय, मी उद्या लेखी देणार आहे, तू स्वतःहून रिपोर्ट मागे घेऊन वेगळा करून देते म्हणालीस तर तुझ्यासाठी बरं. ती रडेल. लग्नाचं काढेल, सासरच्यांना कळलं तर, वगैरे. किंवा उलटून म्हणेल की तूच माझं घेतलंस, तारीख बघ कुणाची आधी आहे. म्हणून तर म्हटलं पुरावे आधी. दोन्हीपैकी काहीही झालं तरी अर्ज दुसऱ्या दिवशी द्यायचा, तिच्या हळदीपर्यंत थांबायचं नाही.

आणि आता तुला थोडं बोलणार आहे, रागवू नकोस. शीटसकट लिंक दिली म्हणतेस, त्या शीटमध्ये बायकांची नावं आणि मोबाईल नंबर होते का? माझा अंदाज आहे होते. अगं, त्या ६४ जणींनी तुला तोंड उघडून सांगितलं ते तू त्यांच्यातली आहेस म्हणून, अमक्याची मुलगी आहेस म्हणून. हजार विड्यांना कारखान्याचं पान कमी पडतं, मग पदरचे पैसे घालून आणावं लागतं, छाट (खराब म्हणून बाद केलेल्या विड्या) किती काढतात, खोकला किती दिवसांचा आहे. ह्यातलं कुणी काय बोललं हे नावानिशी कारखान्यात कळलं तर काम तुझं नाही जाणार, त्यांचं जाईल. तेव्हा मैत्रिणीकडे पहिली मागणी माफीची नको, ती शीट फोनमधून, लॅपटॉपमधून, मेलमधून डिलीट कर ही. आणि ओरिजिनल शीट पुराव्यापुरती तशीच ठेवून, पुढे वापरायला तिची कॉपी काढ आणि त्या कॉपीतली नावं आजच काढून नंबर टाक, एक, दोन, तीन असे, नावांची यादी वेगळी कुलपात.

त्यात तिने एरिया बदललाय ही गोष्ट तू हलक्यात घेतलीयेस. घरकुलातल्या बाईचं बोलणं दुसऱ्याच पेठेतल्या बाईच्या तोंडी घातलं म्हणजे ती नुसती नक्कल राहिली नाही, खोटी माहिती झाली. उद्या कुणी तो रिपोर्ट उघडून त्या पेठेतल्या बायकांबद्दल काही ठरवलं तर? अर्जात हे वेगळ्या ओळीत लिही, विभागप्रमुख जरा तरी जागचे हलतील.

व्हायवाची मला काळजी नाही. परीक्षक विचारतील नमुना कसा निवडला, तेलुगूतले प्रश्न कसे विचारले, पान कमी पडतं म्हणजे काय होतं, मजुरी हजारावर कशी मोजतात. तू लहानपणापासून ते सूप मांडीवर घेतलेल्या बाईशेजारी बसून अभ्यास केलायस, तुला पाठ करायला लागणार नाही. भरलेले फॉर्म पिशवीत घेऊन जा. त्यांनी विचारल्याशिवाय तिचं नाव काढू नकोस, विचारलं तर अर्जाची पोच पुढे कर.

आईला सांगितलंयस का? पत्रात कुठे दिसलं नाही. सांग. तिचं वाक्य गेलंय, तिला कळायला हवं. वळलेल्या किती धरल्या आणि छाटीत किती गेल्या हे रोज डोळ्यांत तेल घालून बघणारी बाई आहे ती, तू मॅडमपुढे गप्प बसून आलीस हे तिला फारसं आवडणार नाही बहुतेक, पण अर्ज द्यायला तीच तुला ढकलेल.

स्कूटीचं म्हणशील तर रिक्षाने जा. शेअर रिक्षाला पैसे पडतात माहितीये, महिनाभराचाच प्रश्न आहे, आणि जिच्याविरुद्ध अर्ज दिलाय तिच्याच मागे बसून कॉलेजच्या गेटमधून आत जाणं तुलाही जमणार नाही, तिलाही. पुढे मैत्री राहायची तर राहील, ते आत्ता ठरवायची काही गरज नाही.

इनवर्ड नंबर मिळाला की मला कळव, आणि कुणी पोच द्यायला नाही म्हणालं तर त्याच दिवशी कळव, मग समितीकडे द्यायचा अर्ज आपण मिळून लिहू.

तुझी,
अक्का