गुन्हेगारी रोखण्याचं काम: एलएल.बी. की एमएसडब्ल्यू?

प्रश्न: मुलगी बी.ए. समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. मुलं गुन्ह्याकडे वळू नयेत यासाठी काम करायचं म्हणते. वकिली करावी की एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी)? आणि हे पोलिसांचंच काम नाही का? – एक आई, सातारा

उत्तर: ताई, आधी शेवटचा प्रश्न. पोलिस तपास करतात तो गुन्ह्याचा. मूल तिथवर कसं पोचलं हे शोधायला कायद्याने वेगळा माणूस नेमलाय, परिविक्षा अधिकारी. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार १८ वर्षांखालचं मूल ताब्यात घेतलं की पोलिसांनी पालकांना आणि या अधिकाऱ्याला कळवायचं. त्याने दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल बाल न्याय मंडळाकडे द्यायचा. अशा मुलांची प्रकरणं हे मंडळच ऐकतं; त्यावर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात.

सगळी मेख या अहवालात आहे. मोबाईल चोरलेला चौदा वर्षांचा मुलगा धरा. ‘संगत वाईट, परिस्थिती हलाखीची’ एवढंच लिहिलं तर मंडळाच्या हाती काहीच लागत नाही. शाळेचं हजेरीपत्रक पाहिलं की कळतं, नाव पटावर आहे पण दिवाळीनंतर पोरगा फिरकलेलाच नाही. वडिलांचा हात मोडला आणि तो गॅरेजवर जायला लागला. आता काहीतरी सुचवता येतं. नवखे लोक इथेच चुकतात: भर दुपारी गृहभेटीला जातात तेव्हा आईवडील कामावर असतात, मग चौकशी शेजाऱ्यांकडे होते आणि बोलता बोलता चोरीचा विषय निघतो. वस्तीभर बोभाटा झाला की त्या मुलाला शाळेत परत बसवणं अवघड. मुलाची ओळख बातमीतून वा अन्य प्रकारे जाहीर करायला तर कलम ७४ ची थेट मनाई आहे.

घरोघर जाऊन असं खोदून विचारणं तिला जमणार असेल, तर माझं मत आधी एमएसडब्ल्यू. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, शिवाय क्षेत्रकार्य, म्हणजे संस्थांत आणि वस्त्यांत प्रत्यक्ष काम. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत गुन्हेशास्त्र आणि न्याय या विषयात खास शिक्षण मिळतं. तिथला प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षेतून होतो, आणि परीक्षेचे अर्ज हिवाळ्यातच निघतात. पदवीच्या निकालानंतर चौकशीला गेलात तर वर्ष हुकलंच म्हणा. तुम्हाला जवळ हवं असेल तर पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आहे.

नोकरीचं स्पष्टच सांगायला हवं. कायम पदं थोडी. बहुतेकांची सुरुवात मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेखालच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात, कंत्राटावर होते. त्यातही एक खोच आहे: तिथल्या ‘विधी तथा परिविक्षा अधिकारी’ पदाला कायद्याची पदवी लागते. समाजकार्याच्या पदवीवर समुपदेशक, सामाजिक कार्यकर्ता, संरक्षण अधिकारी ही पदं मिळू शकतात. म्हणून वकिलीचा विचार अगदी सोडू नका. एमएसडब्ल्यूनंतर तीन वर्षांची एलएल.बी. करता येते.

कॉलेज निवडताना फीआधी एकच विचारा: क्षेत्रकार्याला मुली कुठे पाठवता? निरीक्षणगृह (चौकशी चालू असताना अशा मुलांना ठेवतात ते), बाल न्याय मंडळ किंवा पोलिस ठाण्यातला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष यांपैकी एकही नाव आलं नाही, तर पुढचं कॉलेज बघा.