हरणांमुळे गुरांना क्षय होऊ नये म्हणून सगळ्या कुरणाला कुंपण घालावं का?

सगळ्या कुरणाला नको, वैरणीच्या गंजीला घाला. ८ फुटी घाला, त्याहून बुटकं हरणाला अडवत नाही.

प्रश्न वाचला आणि आमच्या घरातलं जुनं भांडण आठवलं. आमचं कुरणही रानाला लागूनच. एका वर्षी क्षयाच्या चाचणीत आमच्या तीन गायी सापडल्या. मानेवर टोचलं होतं, तिथली कातडी ७२ तासांनी टरारून सुजली. दादाने तिथल्या तिथे निकाल लावला: हरणं. आठवडाभर घरात बंदुकीशिवाय दुसरा विषय नाही. मी एवढंच म्हणालो, त्या तिघींत एक तूच आणलेली कालवड आहे, बघितलंस का? चार महिन्यांपूर्वी ती आली तेव्हा मी घसा फोडून सांगितलं होतं, दोन महिने वेगळी बांध, पुन्हा चाचणी कर, मगच कळपात सोड. तर म्हणे, "पारखून आणलीय, ठणठणीत आहे." अहो, क्षयाचं जनावर महिनोन्‌महिने ठणठणीतच दिसतं! खंगायला लागेस्तोवर शेजारणीला देऊन मोकळं झालेलं असतं.

लोकांना झोंबतं, पण असे रोग पुष्कळदा आधी आपल्याच गुरांनी रानाला दिलेले असतात. अमेरिकेत यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या बायसनमध्ये, म्हणजे तिथल्या रानबैलांत, १९१७ साली ब्रुसेलोसिस हा गाभ पाडणारा रोग सापडला, तो गुरांकडूनच गेलेला. मिशिगनच्या हरणांतला क्षयही तसाच. तिथे तो टिकला कशावर? शिकारीसाठी लोक हरणांपुढे ढिगाने खाणं ओतायचे, एकाच ढिगात सगळ्यांची तोंडं. शेवटी त्यावर बंदी आणावी लागली. आमच्याकडे तो ढीग म्हणजे उघडी गंजी, आणि उरलीसुरली वैरण कुंपणाकडेला टाकायची दादाची सवय. थंडीत, सावलीत हा जंतू वैरणीवर आठवडेच्या आठवडे तग धरतो. हरीण आणि गाय समोरासमोर यायचीही गरज नाही.

मारून टाका म्हणणाऱ्यांनी ब्रिटनमधला १९९८ ते २००५ चा बॅजरचा प्रयोग बघावा. बॅजर म्हणजे तिथला बिळात राहणारा रानप्राणी, त्याच्याकडून गुरांना क्षय होतो म्हणून त्याला मारून बघितलं. मारलेल्या भागात गुरांतला क्षय घटला, पण लगतच्या पट्ट्यात वाढला, कारण उरलेले बॅजर बिथरून लांब लांब फिरायला लागले. दादाला हे दाखवलं. तो म्हणाला, "पण आत घटला ना?"

आता खरं सांगायचं तर रोग कालवडीनेच आणला हे मलाही सिद्ध करता येणार नाही. जंतूंची जनुकीय जुळणी आम्ही करून घेतलीच नाही. आणि वरचं सगळं क्षयापुरतं. आफ्रिकेत विल्डबीस्ट या मोठ्या रानटी हरणवर्गीय जनावराकडून गुरांना जो जीवघेणा ज्वर होतो, तिथे गंजी झाकून काही साधत नाही. विल्डबीस्ट वितात त्या दिवसांत तिथले मासाई गुराखी आपली गुरंच लांब हाकून नेतात.