बारावी कॉमर्सला ५४ टक्के आहेत. ऑस्ट्रेलियात डिप्लोमा करून थेट युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं का, आणि अशा डिग्रीला किंमत असते का?

हो, जाता येतं. आणि डिग्रीला किंमत असते. खरं तर एवढंच लिहून झोपणार होते, पण तू प्रश्नाखाली जे लिहिलंयस ना, "घरचे म्हणतात हा मागच्या दाराने प्रवेश आहे, पैसे भरून मिळवलेला", ते वाचलं आणि परत लॅपटॉप उघडून बसले. अगदी हेच वाक्य मी ऐकलंय, २०१७ मध्ये, मेलबर्नमध्ये, माझ्या मावसभावाच्या फ्लॅटवर, त्याच्या सात-आठ मित्रांसमोर. दादा माझ्याच वयाचा, चार महिन्यांनी मोठा म्हणून दादा, त्याला बारावीला ८५ होते आणि तो सरळ युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला लागलेला. माझी ओळख करून देताना म्हणाला, "ही पण इथेच शिकते, पण मागच्या दाराने आलीय." सगळे हसले. मी पण हसल्यासारखं केलं आणि ट्रॅममध्ये बसल्यावर रडले.

मला ५६ टक्के होते, कॉमर्सच. मला हवा होता त्या बॅचलर ऑफ कॉमर्सला सरळ प्रवेशासाठी ६५ मागत होते आणि इंग्लिशच्या परीक्षेचा स्कोअर पण अर्ध्या बँडने, म्हणजे अर्ध्या गुणाने, कमी पडत होता. म्हणून डिप्लोमा. मोनाश कॉलेज, डीकिन कॉलेज, यूटीएस कॉलेज, कर्टिन कॉलेज ही नावं तू ऐकली असशीलच, ही सगळी युनिव्हर्सिटीला जोडलेली कॉलेजं आहेत, बहुतेक कॅम्पसवरच किंवा अगदी जवळ. डिप्लोमाचे आठ विषय म्हणजे त्या युनिव्हर्सिटीच्या पहिल्या वर्षाचे आठ विषय. वर्ग लहान, ट्रायमेस्टर पद्धत, म्हणजे वर्षाला तीन सत्रं, त्यामुळे दम असेल तर आठ महिन्यांत पण होतं, नाहीतर वर्षभर. आठही पास झालीस आणि कोर्सला लागणारी सरासरी आली की दुसऱ्या वर्षात. फाउंडेशन कोर्स वेगळा, तो बारावीच्या बरोबरीचा असतो, त्यानंतर पहिल्या वर्षापासूनच सुरू करावं लागतं. तुझी बारावी झालीय तर डिप्लोमा मिळत असताना कुणी फाउंडेशन गळ्यात मारत असेल तर का ते विचार.

आता दार मागचं की पुढचं ते सांगते.

पहिल्या ट्रायमेस्टरला चार विषय घेतले. तीन निघाले, अकाउंटिंगमध्ये तर ७१ पडले, स्टॅटिस्टिक्समध्ये ४६. पास व्हायला ५०. चार मार्कांसाठी तो विषय पुन्हा, पुन्हा फी, तीन हजार डॉलरच्या वर. बाबांनी माझ्यासाठी कर्ज काढलेलं. त्यांना फोन करायला मी तीन दिवस घेतले. ते ओरडले नाहीत, फक्त विचारलं, "एकाच विषयात का गं?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मला खरंच वाटत होतं की पेपर चांगला गेलाय. गणितं सगळी आली होती मला.

कॉलेजात ट्यूटरला भेटायची वेळ ठरलेली असते, कन्सल्टेशन म्हणतात. मी अख्खा ट्रायमेस्टर एकदाही गेले नव्हते. आपल्याला सवय नसते ना, सरांच्या केबिनमध्ये जायचं म्हणजे काहीतरी चुकलंय म्हणूनच. त्यात इथे शिक्षकांना नावाने हाक मारायची, ते मला काही केल्या जमेना, मी स्टॅटिस्टिक्सच्या ट्यूटर बाईंना काहीच हाक न मारता दारात उभी राहिले. त्यांनी माझा पेपर काढून ठेवला होता. एक प्रश्न अजून पाठ आहे. एक दुकानदार म्हणतो माल सरासरी ३० मिनिटांत पोचला पाहिजे, ३६ डिलिव्हरी बघितल्या, सरासरी ३२ मिनिटं निघाली, स्टँडर्ड डेव्हिएशन ६, तर पाच टक्के लेव्हलला टेस्ट करा आणि दुकानदाराला काय सांगाल ते लिहा. मी सगळं लिहिलं होतं. सहा भागिले ३६ चं वर्गमूळ, म्हणजे एक. दोन भागिले एक, झेड दोन. १.६४५ पेक्षा मोठा. 'रिजेक्ट एच नॉट', म्हणजे 'सरासरी ३० मिनिटंच आहे' हे गृहीतक (नल हायपोथेसिस) नाकारलं, खाली दोन रेघा मारून चौकट. आणि त्या चौकटीशेजारी पेन्सिलने लिहिलेलं, 'सो व्हॉट?' दहापैकी चार.

मला आधी राग आला. उत्तर बरोबर आहे की. बाई म्हणाल्या, "मी दुकानदार आहे. मला झेड माहीत नाही. मी काय करू?" मी गप्प. परत विचारलं, "सप्लायर बदलू का नको?" मी म्हटलं, "नल हायपोथेसिस रिजेक्ट." त्या हसल्या नाहीत, चिडल्या नाहीत. पान उलटलं, पुढचा प्रश्न, तिथे पण चौकट, तिथे पण पेन्सिल. अशा पाच चौकटी होत्या माझ्या पेपरात. पाचही गणितं बरोबर आणि पाचही ठिकाणी शेवटचं एक वाक्य नाही. की बाबा, माल उशिरा येतोय हा योगायोग वाटत नाही, पण सरासरी उशीर दोनच मिनिटांचा आहे, तेवढ्यासाठी सप्लायर बदलणं परवडतंय का ते आधी बघ. एवढंच लिहायचं होतं. बारा वर्षं मी चौकट आली की पेन खाली ठेवायला शिकले होते. ५६ टक्के का पडले ते पण मला त्या खुर्चीत बसून कळलं, कारण पाठ करण्यात मी कधीच हुशार नव्हते आणि समजून लिहायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या ट्रायमेस्टरला दर मंगळवारी गेले. कधी प्रश्न नसला तरी जायचे, बाई मी सोडवलेला पेपर घेऊन शेवटचं वाक्य तेवढं वाचायच्या. ६८ पडले.

तर माझं म्हणणं असं की आमच्या वर्गात २७ जण होते म्हणून त्या बाईंना माझा पेपर माहीत होता. युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला त्याच विषयाच्या लेक्चरला तीनशे-चारशे पोरं असतात, ट्यूटोरियलला दर सेमिस्टरला वेगळा ट्यूटर, तिथे मी ४६ घेऊन गपचूप बुडाले असते. डिप्लोमात पेपर सोपा नसतो, अभ्यासक्रम तोच असतो, फक्त तुझ्याकडे लक्ष असतं. पैसे त्या लक्षाचे आहेत, मार्कांचे नाहीत. पैसे भरून मार्क मिळत असते तर मला ४६ का पडले असते? हे मी दादाला तेव्हा बोलायला हवं होतं. नंतर बोलले पण, कितीतरी वेळा, एका लग्नात तर जेवणाच्या पंगतीत बोलले. तो म्हणतो, "तरी पण तू डायरेक्ट नाही ना आलीस."

दादाचे स्वतःचे पहिल्या वर्षात दोन विषय राहिले होते हे मला चार वर्षांनी कळलं. घरी कुणालाच सांगितलं नव्हतं त्याने. ऐकून मला बरं वाटलं असं नाही, वाईटच वाटलं, कारण ८५ टक्केवाल्या पोराला कुणी विचारतच नाही की तुला समजतंय का. त्याच्यासमोर पेपर उलटून पेन्सिलने लिहिलेलं दाखवायला कुणी नव्हतं.

आणि डिग्रीला किंमत असते का विचारलंयस, तर तिच्यावर काय लिहिलं जातं ते सांगते. सर्टिफिकेटवर युनिव्हर्सिटीचं नाव आणि डिग्रीचं नाव, बस. मार्कशीटमध्ये पहिल्या वर्षाचं क्रेडिट, म्हणजे आधी केलेले विषय धरून मिळालेली सूट, दिलंय असं दिसतं. माझ्या तीन नोकऱ्यांच्या इंटरव्ह्यूत आजवर एकानेही ते विचारलेलं नाही. फक्त नातेवाईक विचारतात.

आता ज्या गोष्टी आधी लिहायला हव्या होत्या त्या. रात्र झालीय, जसं आठवतंय तसं लिहिते.

डिप्लोमा या एकाच शब्दाखाली तिथे दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक हा, युनिव्हर्सिटी कॉलेजचा. दुसरा व्होकेशनल, म्हणजे व्यवसाय शिकवणारा डिप्लोमा, खाजगी ट्रेनिंग कॉलेजांचा, फी बरीच कमी. दोन्ही तिथल्या क्वालिफिकेशन फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे शिक्षणाच्या ठरलेल्या पायऱ्यांमध्ये, लेव्हल ५ च आहेत, म्हणून एजंट सरळ चेहऱ्याने सांगतो की दोन्ही सारखेच. सारखे नाहीत. व्होकेशनलवाल्याला युनिव्हर्सिटी किती क्रेडिट देईल ते ज्या त्या युनिव्हर्सिटीवर असतं, कधी अर्धं वर्ष, कधी काहीच नाही. माझ्या रूममेटला तिच्या एजंटने तोंडी 'सेकंड इयर पक्कं' सांगितलं होतं, प्रत्यक्षात दोन विषयांचं क्रेडिट मिळालं. तोंडी काही ऐकू नकोस. ऑफर लेटरमध्ये डिग्रीचं नाव, किती क्रेडिट, किती सरासरी लागणार हे तिन्ही लेखी पाहिजे. कोर्स सरकारच्या क्रायकोस रजिस्टरवर, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना घेऊ शकणाऱ्या कोर्सच्या यादीत, आहे का ते स्वतः शोध, पाच मिनिटांचं काम आहे. आणि एजंटला कमिशन कॉलेज देतं, तू नाही, हे डोक्यात ठेवून त्याच्यासमोर बस.

दुसरं, पॅकेज ऑफर. डिप्लोमा आणि डिग्री मिळून एकच स्टुडंट व्हिसा, सबक्लास ५००, हे चांगलंच आहे. पण नियम असा की मुख्य कोर्सचे सहा महिने झाल्याशिवाय कॉलेज बदलायला आधीच्या कॉलेजची परवानगी लागते, आणि मुख्य कोर्स म्हणजे डिप्लोमा नव्हे, पॅकेजमधली शेवटची डिग्री. म्हणजे अख्खा डिप्लोमा आणि वर डिग्रीचे सहा महिने तू तिथेच बांधलेली. आणि मध्येच सोडून खालच्या लेव्हलच्या कोर्सला गेलीस तर व्हिसाची अट मोडते. तेव्हा पॅकेजमधली डिग्री हीच तुला हवी असलेली आहे ना, ते आधी बघ, 'आत्ता घेऊ, मग बदलू' हे चालत नाही.

पैसे. डिप्लोमा स्वस्त पडतो हा गैरसमज आहे, आठ विषयांची फी युनिव्हर्सिटीच्या पहिल्या वर्षाच्या जवळपास जातेच. वाचतो तो वेळ, म्हणजे फाउंडेशनचं वर्ष. व्हिसाची फी १ जुलै २०२५ पासून २,००० डॉलर आहे आणि राहण्याखाण्यासाठी एका वर्षाचे २९,७१० डॉलर दाखवावे लागतात, फी आणि तिकीट वेगळं. नापास झालीस तर फक्त त्या विषयाची फी जात नाही. माझा डिग्रीचा प्रवेश एक सेमिस्टर पुढे गेला, सगळ्या तारखा सरकल्या आणि शेवटी दोन विषय बाकी असताना व्हिसा संपत आला म्हणून पुन्हा अर्ज करावा लागला, तेव्हा तो बराच स्वस्त होता. म्हणून घरून निघतानाच एका विषयाची आणि एका सेमिस्टरची गंगाजळी बाजूला असेल तरच जा. कामाच्या भरवशावर जाऊ नकोस, कॉलेज चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं आणि त्यात फी निघत नाही, भाडं आणि किराणा निघाला तरी खूप.

आणि दुसऱ्या वर्षाला धक्का बसतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. डिप्लोमात सत्तावीस जणांत असतेस, एकदम तीनशेच्या हॉलमध्ये बसतेस, बाकीच्यांचे ग्रुप पहिल्या वर्षात ठरलेले असतात, आणि लक्ष ठेवणारं कुणी नसतं. माझं पहिलं सेमिस्टर तिथे जेमतेम पासचं गेलं. कन्सल्टेशनची सवय लागली होती म्हणून सावरले. ज्यांनी डिप्लोमा नुसता ढकलला, ५०-५२ करत, त्यांच्यातले बरेच तिथे अडकताना बघितलेत. मेडिकल, आर्किटेक्चर असलं काही डोक्यात असेल तर हा रस्ता सहसा तिकडे जात नाही, आणि काही कोर्सना नुसतं पास पुरत नाही, ६० किंवा वर सरासरी मागतात.

एक राहिलं. घरी हे सगळं समजावण्यात फार शक्ती घालवू नकोस. मी सात-आठ वर्षं घालवलीय, दादा ऐकत नाही, आणि बाबांनी पहिल्या दिवसापासून काही विचारलंच नव्हतं.

ऑफर लेटर हातात असेल तर त्यातला क्रेडिटचा आणि सरासरीचा तेवढा भाग इथे खाली टाक, नाव-पत्ता आणि नंबर झाकून. रविवारी वेळ आहे, बघून सांगते.