मार्केट यार्डात नोकरी, सकाळी वेळ नाही. देवाला प्रथम स्थान कसं देऊ?

पहाटेचा तासभर मिळत नाही म्हणून देव मागे पडत नाही; तो पहिला आहे का, हे तुमच्या गुळाच्या काट्यावर जास्त कळतं. सकाळच्या सौद्यांमुळे शास्त्र (बायबल) वाचणं राहतं आणि मनाला टोचतं, असं तुम्ही लिहिलंय. मत्तय ६:३३ मध्ये ‘पहिल्याने’ देवाचं राज्य आणि नीतिमत्त्व मिळवायला सांगितलंय खरं, पण ते वचन येतं काय खावं, काय प्यावं, काय पांघरावं या काळजीच्या बोलण्यात. (भिंतीवरच्या कॅलेंडरात फक्त तेवढीच ओळ असते, म्हणून घोळ होतो.) म्हणजे प्रश्न घड्याळाचा कमी, पोटाच्या चिंतेपुढे कुणाचं ऐकायचं याचा जास्त. गुळाचा रवा (ढेप) वजनाला कमी भरला आणि मालक म्हणाले, ‘चालतंय की, पुरा लिही’, तर तिथं नीतिसूत्रे ११:१ लागू होतं: खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे. पावतीवर खरा आकडा लिहिणं हेच त्या दिवशी देवाला पुढे ठेवणं. वाचनाचं म्हणाल तर रात्रीच खूण घालून ठेवा, सकाळी चहाला उकळी येईपर्यंत चार ओळी होतात.

एक मात्र सांभाळा. आईवडिलांना द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असं म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूने मार्क ७:९-१३ मध्ये चांगलंच सुनावलंय. तेव्हा दशांश, म्हणजे कमाईचा देवासाठी दहावा भाग, काढताना आईच्या औषधाच्या पैशाला हात लावू नका.