वाचकांचे प्रश्न : ईजीआर साफ केल्यावर काळा धूर

प्रश्न : माझी 2012 ची बीएस-4 डिझेल गाडी आहे. गॅरेजमध्ये ईजीआर व्हॉल्व्ह (जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) साफ करून घेतल्यापासून चढावर काळा धूर येतो, ओढ कमी झाली आणि पीयूसीत गाडी नापास झाली. इंजेक्टर बदलावे लागतील का?

उत्तर : इंजेक्टरला इतक्यात हात लावू नका. काम झाल्यावर लगेच धूर सुरू झाला, म्हणजे दोष बहुधा उघडलेल्या जोडांतच आहे. इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या भागाचे) होज, म्हणजे रबरी पाइप, पाहा. क्लिप तिरकी बसली असेल तर टर्बोची दाबलेली हवा निसटते, डिझेल पूर्ण जळत नाही. जोडाभोवती तेलाचा ताजा, काळपट ओघळ दिसला की गळती तिथेच समजा. इंजिन थंड असताना क्लिप सरळ बसवून घट्ट करा. होज चिरला असेल तर नवाच घाला.

मग ईजीआर. सुटलेला कार्बनचा खडा सीटवर (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो त्या कडेवर) अडकला तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडाच राहतो. व्हॉल्व्ह पुन्हा काढा, गॅस्केट नवे घाला. पत्रा लावून ईजीआर बंद करायचा सल्ला मात्र ऐकू नका : नायट्रोजन ऑक्साइड वाढतात आणि डिझेलच्या पीयूसीत ते मोजलेच जात नाहीत, त्यामुळे गाडी पास झाली तरी प्रदूषण वाढलेलेच असते.

एअरफ्लो सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) त्याच्याच स्प्रेने धुवा, तारेला बोट लावू नका. चाचणीला इंजिन पूर्ण तापवूनच जा. बीएस-4 साठी मर्यादा 50 हार्ट्रिज (धुराच्या दाटपणाचे एकक) आहे.